कार्मिनबायचा चार नंबर

आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कार्मिनबायला उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. ती भेंडी एकेक मोडून घ्यायची, दूधवाल्याला जिन्यात उभं करून दूध बोटावर चाखायची, आणि माझ्या मुलीचा फ्रॉक कुठे उसवलाय हे तिला खिडकीतून दिसायचं. लग्न केलं नाही. मिठागराच्या गावातलं घर भावांनी बिल्डरच्या घशात घातलं, तेव्हा हिच्या वाट्याला इथली एक खोली आली. रविवारची चर्चमधली मिस्सा सोडली तर तिचं सगळं लक्ष वसई पूर्वेच्या कारखान्यात.

तिथे पाणी तापवायचे रॉड बनत. बादलीत सोडायचे, विजेवरचे. कार्मिनबाय ते तपासायची. पिंपातल्या पाण्यात रॉड बुडवायचा, मीटर लावायचा, करंट बाहेर येतो का बघायचं, आणि जरा शंका आली की रॉड परत. जोडणीवरच्या पोरींना तेच काम पुन्हा करावं लागायचं, म्हणून त्या तिच्या नावाने बोटं मोडत.

"मोडू दे, मास्तर," ती मला म्हणायची. "त्या पान्यात हात काय त्या पोरी घालनार हायेत?"

नव्वद सालानंतर सर्टिफिकेटांची टूम निघाली. कारखान्याच्या दारावर दर्जाची भलीमोठी इंग्रजी पाटी चढली, शेठने पेढे वाटले, आणि तपासणाऱ्या प्रत्येकीला एकेक नंबर मिळाला. तपासलेल्या रॉडवर आपापल्या नंबरचं स्टिकर लावायचं, म्हणजे चूक निघाली तर ती कोणाची ते कळेल. कार्मिनबायला चार नंबर मिळाला.

जन्मात पहिल्यांदा मिरवण्यासारखं काही मिळालं होतं, बाईने ते मिरवलं. तुळिंजच्या बाजारात कुठल्याही दुकानात शिरून ती रॉड उलटेसुलटे करायची आणि चार दिसला की दुकानदाराला सांगायची, "ह्यो माझा हाय. डोळे मिटून वीक." मग बिल्डिंगमधल्या बायकाही चार नंबर बघून रॉड आणू लागल्या. शेजारच्या बिल्डिंगींत तेच लोण गेलं. वायर कशी आहे, टोपण घट्ट आहे का, कोणी बघेना. चार आहे ना, मग झालं. दुकानदार तर पाटी लावून चार नंबर विकायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर जयवंत आणि मनोरमा राहायचे, देवगडकडचे. मनोरमा मोठी हसरी. कार्मिनबाय भाजीवाल्याशी कशी भांडते याची नक्कल ती कार्मिनबायच्या तोंडावर करून दाखवायची, आणि तिला एकटीलाच ते माफ होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी मनोरमाने पाणी तापलं का बघायला बादलीत हात घातला. जयवंत आत दाढी करत होता. त्याने धावत येऊन बटण बंद केलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

रॉडवर चार नंबर होता.

पोलिसांसमोर इलेक्ट्रिशियनने रॉडचं टोपण उघडलं. आतली हिरवी वायर, आर्थिंगची, कशालाच जोडलेली नव्हती. नळीला चीर गेली होती. कार्मिनबाय वाकून बघत राहिली.

"ह्यो मी बगितलेला नाय," ती म्हणाली.

बायकांनी नाकं मुरडली. असं तर कोणीही म्हणेल. मला त्यांचा संताप आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा तिचाही आला.

दुसऱ्या दिवशी ती मला हाताला धरून कारखान्यात घेऊन गेली. पॅकिंगच्या टेबलावर छापील स्टिकरचं भेंडोळं पडलं होतं, वरपासून खालपर्यंत चार, चार, चार. एक मुलगी न तपासलेल्या ढिगातला एकेक रॉड उचलून त्यावर चार चिकटवत होती. सिद्धेश नावाचा सुपरवायझर समोर आला. त्याला लाजही वाटली नाही.

"बाय, दुकानदार दुसरा नंबर घेतच नाहीत. ऑफिसातून सांगितलं, सगळ्या मालावर चारच लावा. तुमचंच तर नाव झालं ना?"

"आनि तपासायचं कोनी रं?"

"सीझनला एकेक चेक करत बसलो तर माल जाणार कधी?"

चूक कोणाची ते कळावं म्हणून हा नंबर आला होता. कळलं तेही. कारखान्याने पोलिसांना सांगितलं की आमचा सगळा माल तपासूनच बाहेर पडतो, हा चार नंबरवालीचा हलगर्जीपणा, तिला आम्ही कामावरून काढलं आहे. मी साक्ष द्यायला पोलीस ठाण्यावर गेलो, तर मला चहा पाजून घरी पाठवलं. भेंडोळं तोवर गायब झालं होतं, आणि दारावरची पाटी मात्र रोज पुसली जात होती.

नोकरी गेल्याचं कार्मिनबायने मनाला लावून घेतलं नाही. जयवंतला खरं कळलं पाहिजे, एवढा एकच ध्यास तिने घेतला. तेरावं झाल्यावर आम्ही दोघं वर गेलो. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. तिने सगळं सांगितलं, भेंडोळं, ढीग, सिद्धेश काय बोलला ते. मी मान हलवत होतो.

"माझ्या हाताखालनं गेलाच नाय तो, जयवंता. मनोरमाची आन."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "म्हणजे कोणीच बघितलं नव्हतं?"

"नाय रं."

"कोणीच नाही?" त्याचा आवाज चिरकला. "ताई, तिने दुकानातले सगळे खोके खाली काढायला लावून तुमचा नंबर शोधला होता. मी ओरडलो तिला, उशीर होतोय म्हणून. त्यापेक्षा तुम्ही चुकलात म्हणा ना. माणूस चुकतो. कोणीतरी बघितलं तरी होतं, एवढं तरी मला राहू द्या."

मी तोंड उघडलं. हे काय मागणं झालं? कार्मिनबायने माझा हात दाबला.

"चुकले मी," ती म्हणाली. "बगितला होता. नजरेतनं सुटला."

जयवंत तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दार उघडंच होतं. आम्ही निघालो तेव्हा जिन्यात बायका उभ्या होत्या. त्यांनी अंग चोरून तिला वाट दिली, आणि कोणी तिच्याशी बोललं नाही.