गाडीमागचा आकडा

जयपूरला बदलून आलो आणि पुढच्याच हिवाळ्यात बायकोला मणक्याचा क्षय झाल्याचं निघालं. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून तिला आडवी ठेवली होती. अजमेरजवळच्या आरोग्यधामात जागा मिळाली, पण तिला बसवायचं नाही, वाकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवसांत मी ऑफिसला जात होतो, जेवत होतो. वाटत काहीच नव्हतं.

आमच्या विमा कचेरीतले साहेब साताऱ्याकडचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि मला नोकरीवर घेणारे तेच. त्यांनी आपली छोटी मोटार देऊ केली. मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडायचा, त्यात तिची खाट ठेवायची. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेत या गाडीनं काहीही ओढू नये, असं स्पष्ट छापलं होतं. साहेबांनीच ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे विलायतेतल्या लोकांसाठी."

राजा पार्कमधल्या मिस्त्रीनं डिकीखालच्या पत्र्याला लोखंडी आकडा बोल्टांनी बसवला. मोटार आमच्या दारात आली, तेव्हा साहेबांच्या पत्नीनं आकड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चाचणी त्यानंतर. ट्रेलरमध्ये गव्हाची पोती ठेवली. मोटार फाटकापर्यंत गेली आणि पत्रा फाटून आकडा लोंबू लागला.

मग साहेब म्हणाले की जाड पट्टी लावून घेऊ, पूजा झालेली वस्तू काढणं बरं दिसत नाही. मी मान डोलावली.

ती व्हरांड्यात खाटेवर होती. मान वळवता येत नसल्यामुळे तिनं सगळं हातातल्या आरशात पाहिलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "नारळ फोडलाच आहे, तर खोबरं वाटून टाका. मी त्या गाडीमागे जाणार नाही."

आकडा त्याच दिवशी उतरला.

आमच्या बनी पार्कातल्या घरापासून स्टेशन जवळ. साहेबांनी गार्डाशी बोलून सामानाच्या डब्यात खाटेपुरती जागा करून घेतली. सकाळी कचेरीतले तिघे आणि मी, अशा आम्ही चौघांनी खाट खांद्यावर घेतली. साहेब पुढे चालत होते. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन हात जोडू लागली.

"अहो, माझ्याशी मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "लोक मला नमस्कार करताहेत."

मला दुसरं काही सुचेना. ते बोल्ट, तो पत्रा, ती पोती, याबद्दलच मी स्टेशनपर्यंत बोलत राहिलो. ती हूं, हूं म्हणत होती.