बुरशी आणि मोरचूद

दुर्गजवळ बोरसीतल्या आमच्या बाडीत, म्हणजे घराच्या भाजीच्या तुकड्यात, लागोपाठ दोन हिवाळे टोमॅटो मेले. मरण्याची रीत एकच होती. झाड फुलावर यायचं, सकाळी ताठ असायचं, दुपारी मान टाकायचं आणि संध्याकाळी पाणी दिलं तरी उचलायचं नाही. खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ दिसायची. आईनं अशी चिरलेली खोडं पायरीवर मांडून ठेवली होती. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. मोठे बाबा यायचे ते त्याच पायरीवरून.

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, झाली. बोरसीचा तुकडा दोघा भावांनी मिळून घेतला होता, पण नाव थोरल्याचं लागलं. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. वडील वारले. आई तिथे भाजीपाला पिकवत राहिली. मोठ्या बाबांना तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. झाडं मरत होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं दरवर्षी जास्त खरं ठरत होतं.

विदर्भातून आलेल्या आमच्या घरांत धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, अर्धं वळायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. आमच्या घरानं धर्म बदलला, बऱ्याच चाली टाकून दिल्या, ही राहिली. तिसरं माणूस नसलं तर आई भिंतीशी बोलायची. भांडण असलं तर बादलीशी.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा मोठे बाबा स्कूटरवरून आले, अंगणात खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "तुह्या मायले सांग, ही शेवटची बारी. यंदाही झाडं मेली, तं हिवाळा सरला की मी पाया खोदतो."

आई तिथेच नळाजवळ होती. तिनं पदर पुढे ओढला आणि बादलीला म्हटलं, "पाया खोदाले बरे हात चालतात. निंदाले कधी वाकले नाही."

"बादलीले सांग," मोठे बाबा म्हणाले, "कोक ओव्हनवर वाकू वाकूच पाठ गेली माही."

"पाठ गेली म्हणे. जीभ तं शाबूत आहे."

बोलणं इथे संपलं. अट मात्र ठरली, आणि दोघांनीही ती खरी धरली.

आई दुर्गला एका कृषी केंद्रावर गेली. मी सोबत होतो. दुकानदारानं खोड पाहिलं आणि ट्रायकोडर्माचं पाकीट पुढे ठेवलं. "माताजी, ये दवाई नहीं है, जिंदा चीज है. धूप मत दिखाना. और इसके साथ कोई फफूंदनाशक मत डालना, ये खुद फफूंद है." ही बुरशी मुळांभोवती वाढते, रोगाच्या बुरशीला वेटाळून खाते, तिला जागा उरू देत नाही आणि मुळंही जोमानं वाढवते, असं त्यानं सांगितलं. आईनं एकच विचारलं, "मेली तं कसं समजल?" तो म्हणाला, हिरवी दिसेल तोवर जिवंत समजा.

तिनं फणसाच्या सावलीत कुजलेल्या शेणखताचा ढीग केला, पाकीट त्यात कालवलं, वरून ओलं पोतं टाकलं. अधूनमधून ढीग वरखाली करायची, पाणी शिंपडायची. आधी पांढरं जाळं आलं, मग त्यावर हिरवी पूड. पापडाच्या डब्यात बुरशीचा एक ठिपका दिसला तर अख्खा डबा फेकणारी बाई आता रोज सकाळी पोतं उचलून बुरशी वाढली का ते पाहत होती. रोपं लावताना प्रत्येक खड्ड्यात तिनं या खताची ओंजळ टाकली आणि रोप टेकल्यावर बुंध्याशीही पसरली. काही दिवसांत वाफ्यांवरही हिरवे-पांढरे चट्टे दिसू लागले. ती खूश होती. मोठ्या बाबांना तिनं काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. धाकट्या भावाच्या बायकोला भासरा काही विचारत नसतो.

अहिवाऱ्याला नात्यात मयत झाली म्हणून आई तिकडे गेली. मी कामावर होतो. पुढचं मला शेजारणीनं सांगितलं आणि नंतर स्वतः मोठ्या बाबांनीही. लपवण्यासारखं आपण काही केलं, असं त्यांना वाटत नव्हतं.

ते बाडीत आले आणि वाफ्यावरची बुरशी पाहून तिथेच थांबले.

आमचे आजोबा काटोलकडे दुसऱ्यांच्या संत्राबागांत रोजानं जायचे. पावसाळ्याआधी झाडांच्या खोडांना तांब्याचं मोरचूद आणि चुना यांचं निळं मिश्रण, बोर्डो, फासायचं, हे त्यांचं काम. बुरशीवरचा इलाज म्हणून आमच्या घरात तो एकच माहीत होता. मोठे बाबा लहानपणी बापामागे बादली घेऊन फिरले होते. मिश्रण कसं जमवायचं ते त्यांना पाठ होतं: चुना वेगळा, मोरचूद वेगळं, मग दोन्ही एकत्र, आणि शेवटी विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. त्यांनी बाजारातून दोन्ही आणलं, प्लास्टिकच्या बादलीत मिश्रण केलं, विळा बुडवून तपासला आणि वाफ्यावाफ्यानं, झाडाच्या बुंध्याशी, ते ओतत गेले.

आई संध्याकाळी परतली तेव्हा मीही नुकताच पोचलो होतो. मोठे बाबा नळावर हात धूत होते. मातीवर प्रत्येक रोपाभोवती फिक्कट निळं वर्तुळ होतं. आई वाफ्यात बसली, बोटानं माती उकरली, उठली. पदर डोक्यावरून खाली आला होता. तिनं तो परत घेतला नाही.

"काय टाकलं तुमी?"

मोठ्या बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुमालेच इचारून राहिली. इकडं पाहा."

"औषध टाकलं," ते माझ्याकडे पाहत म्हणाले. "बुरशी चढली होती. मी आलो नसतो तं आजच सगळं सडलं असतं."

"ती बुरशीच औषध होती!"

"बुरशी औषध? लोकं हसतील, बाई."

"दुकानातून आणली मी ती. वाढवली. लेकरासारखी झाकून ठेवली. कावून नाई इचारलं?"

"कोणाले इचारू?" आता तेही तिच्याकडे पाहत होते. "लगन होऊन आली तवापासून तू बादलीशी बोलते. बादलीनं मले काही सांगितलं नाही."

शेजारीण भिंतीपलीकडे हसली. आईनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"तुमी मुद्दाम केलं. झाडं मेली की तुमाले खोल्या."

"मुद्दाम?" मोठ्या बाबांचा आवाज चढला. "माह्या बापाचं औषध आहे ते. कोपरालोक निळे हात घेऊन घरी ये माहा बाप. तू त्याले जहर म्हणते?"

"त्यायनं खोडाले लावलं. तुमी माह्या मातीत ओतलं. निघा आता."

भासऱ्याला 'निघा' म्हणणं आमच्या घरात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. ते निघाले. स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "बरं झालं. मेली तं सांगाले बहाणा झाला तुले."

"बहाणा नाई सांगत मी. मेली तं खोदा पाया."

हे ती रागात बोलली, पण मागे घेतलं नाही. मी तिला म्हटलं की अट आता लागू नाही, नुकसान त्यांनीच केलं. ती म्हणाली, "तू गप्प राय."

दुकानदार म्हणाला, तांबं मातीत राहतं. वरचा थर काढून टाका, जरा थांबा, मग ताजं खत आणि नवं पाकीट. आईनं बुंध्याजवळची निळी माती खरवडून कुंपणाबाहेर टाकली. फणसाखाली ढिगाचा तळ शिल्लक होता. त्यात नवं शेणखत, नवं पाकीट घालून तिनं तो पुन्हा वाढवला. या वेळी ती बाडी सोडून कुठेही गेली नाही. मोठ्या बाबांच्या घरी नातवाचा वाढदिवस होता, तिथेही नाही.

कडेच्या ओळी मेल्या. मान टाकली, खोडात तीच रेघ. बाकीची उभी राहिली. काटक्यांना बांधावी लागली इतकी भरली. एक झाड वाऱ्यानं उपटलं गेलं, त्याची मुळं मी पाहिली: पांढरी, दाट, मातीचं ढेकूळ धरून बसलेली. ही करामत बुरशीची, मोरचुदाची की त्या वर्षीच्या थंडीची, हे खात्रीनं सांगता येईल असं माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं, आजही नाही.

हिवाळा सरता सरता मोठे बाबा ठेकेदाराला घेऊन आले. ठेकेदारानं टेप काढली, एक टोक कुंपणाला लावलं आणि टोमॅटोकडे पाहून थांबला.

"बाबूजी, फसल तो जबरदस्त खड़ी है. बोरसी में तो सबकी सूख गई. क्या डाला?"

"बोर्डो," मोठे बाबा म्हणाले. "मैंने डाला. हमारे बाप का नुस्खा है. नहीं तो सब चला जाता."

आई टोपलीजवळ होती. त्या मातीतून तिनं काय काय खरवडून काढलं होतं ते मला माहीत होतं. ती काय बोलेल याचीही मला कल्पना होती. ती वेगळंच बोलली, थेट त्यांच्याकडे पाहून, ठेकेदाराला कळेल अशा हिंदीत.

"हाँ. इन्हीं की दवाई से बची है. पूरी बच गई."

मग मराठीत, हळू: "मेली तं खोल्या, असं ठरलं होतं ना? मेली नाई. तुमीच वाचवली."

मोठ्या बाबांनी कुंपणाकडे पाहिलं. कडेच्या मेलेल्या ओळी त्यांना दाखवता आल्या असत्या, पण आता त्या दाखवणं म्हणजे आपल्याच बापाचं औषध खोटं ठरवणं होतं. ठेकेदार एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता.

"टेप लपेट लो," मोठे बाबा त्याला म्हणाले.

त्या वर्षी खोल्या झाल्या नाहीत. आईनं ठेकेदाराला पिशवी भरून टोमॅटो दिले, शेजारणीला दिले, दुकानदारालाही पाठवले. मोठे बाबा स्कूटरजवळ थोडा वेळ थांबले होते. त्यांना तिनं एकही दिला नाही.