दोनदा जेवलेली शेळी

आमच्या दादाला आसपासचे लोक घुबड म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. दादा दूध डेअरीत रात्रपाळीचा पहारेकरी आहे. सगळं जग पांघरूण ओढतं तेव्हा हा बूट चढवतो. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात, दिवसपाळीला. सकाळी हा फाटकातून आत, ती बाहेर. संध्याकाळी उलटं. लोक मला सांगतात, "असा जोडा नाही बघितला बाई, कधी भांडण म्हणून नाही." मी म्हणते, अहो, भांडायला आधी भेटावं लागतं.

वडिलांनी जमिनीचे दोन तुकडे केले, एक दादाला, एक मला. मध्ये तारेचं कुंपण. तुकडे एवढेसे की त्यांच्याकडे कांदा चिरला तर माझ्याकडे डोळ्यांत पाणी येतं. मी शिवणकाम करते आणि माझं मशीन खिडकीशी आहे. त्यामुळे मी डोकावते असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. मशीनवर बसलेल्या बाईने बघायचं कुठे, भिंतीकडे?

तर या दोघांनी न बोलता संसार चालवायची एक रीत बसवली होती. कोंबड्यांना दाणा घातला की डबा पालथा. वाफ्यांना पाणी दिलं की पाइप गुंडाळून खुंटीला. शेळीला भरडा दिला की घमेलं गोठ्याच्या दाराबाहेर उभं. जो घरी येईल त्याने बघायचं आणि उरलेलं काम उचलायचं. चिठ्ठी नाही, फोन नाही. त्यात लेकीला दोघांनी वाढवलं आणि ती दोन वर्षांपूर्वी शिकायला बाहेरगावी गेलीसुद्धा.

त्या दिवशी मात्र दोघांना एकत्र सुटी मिळाली. वहिनीची नेहमीची होती, दादाच्या डेअरीतल्या जोडीदाराने पाळी बदलून मागितली होती. थंडी नुकती ओसरलेली, सफरचंदाच्या काड्यांवर कळ्या टरारलेल्या, ऊन अंगावर घेत बसावं असं. पण माझं लक्ष उन्हात नव्हतं. डेअरीचा गाडीवाला उसवलेली पँट घेऊन आला होता तेव्हा बोलून गेला होता, की दादाला दिवसपाळी देऊ केलीय आणि उद्यापर्यंत हो की नाही ते सांगायचंय. माझ्या पोटात काही राहत नाही. मी ते लगेच वहिनीच्या कानावर घातलं. ती एवढंच म्हणाली, "ते सांगतील."

आणि दादा काही सांगेना. दिवसपाळी म्हणजे रोज संध्याकाळ एकत्र, रोज जेवण एकत्र. यांना ते झेपेल का, ही मला धास्ती. जन्मभर पाळी लावून नांदलेली माणसं ती.

सकाळपासून बघत होते. पाहुण्यांसारखे वागत होते दोघं. "तुम्ही बसा ना." "नको, तूच बस, रोज उभी असतेस." खुर्ची एकच बाहेर होती आणि ती रिकामी. शेवटी दादा पायरीवर बसला, वहिनी वाफ्याच्या कडेला. तो कळ्यांकडे बघतोय, ती मुळ्यांकडे. मला वाटलं, ओरडून सांगावं, अरे एकमेकांकडे बघा. पण मूग गिळून बसले.

दुपार व्हायच्या आत शेळी ओरडायला लागली. ओरडणं साधं नव्हतं. वहिनी धावली, मागून दादा. शेळीची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली आणि ती दात खात उभी. मी कुंपणाच्या फटीतून आत शिरले तोवर दोघं तिच्या दोन बाजूंना बसले होते.

"भरडा किती घातलास?" दादाने विचारलं.

"नेहमीएवढा. पण तुम्ही..."

"मीपण नेहमीएवढा घातला."

दोघांनी एकदम दाराकडे बघितलं. मग दादा म्हणाला, "घमेलं उभं नव्हतं."

"तुम्ही तरी कुठे उभं केलंत?"

"तू घरातच होतीस. म्हटलं, दिसलं असेल."

"मलाही तेच वाटलं."

म्हणजे एकच जण घरात असताना एक दाणा कधी चुकला नाही, आणि दोघं घरात असताना शेळी दोनदा जेवली. मी घरातून गोडं तेल आणलं. दादाने तिचं तोंड धरलं, वहिनीने नळकांड्याने थोडं थोडं पाजलं. मग तिला चालवायचं ठरलं. दादा दोरी धरून पुढे, वहिनी बाजूने कूस चोळत. आणि दोन फेऱ्या होतात न होतात तोच ठिणगी पडली.

"सांगायचं होतं तुम्ही, घातलाय म्हणून."

"तू विचारायचं होतंस."

"मी विचारायचं? सकाळपासून तोंडातून एक शब्द काढलाय तुम्ही?"

"काय बोलू? कुठे बसावं तेसुद्धा कळत नाहीये मला या घरात."

खरं सांगते, शेळीसाठी जीव टांगणीला लागला होता, पण ते भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं की बस. मुळ्यांच्या वाफ्याला वळसा घालून, कोंबड्यांना उडवत, दोघं भांडत होते आणि शेळी बिचारी मध्ये चालत होती. पाइप चुकीचा गुंडाळण्यापासून ते लेकीच्या फीपर्यंत सगळं निघालं. शेवटी शेळीने मोठा ढेकर दिला, मग आणखी एक. वहिनीने कुशीवर हात दाबून बघितला आणि म्हणाली, "उतरतंय."

दादा तिथेच मातीत बसला. म्हणाला, "बघितलंस? एक दिवस एकत्र राहिलो तर शेळी मारत होतो. मला दिवसपाळी देतायत. उद्या नाही म्हणून सांगणार आहे."

वहिनी म्हणाली, "मला विचारलंत?"

"तुला तुझी सवय लागलीय. माझी लुडबुड कशाला तुला? आपलं बरं चाललंय."

वहिनी हात पदराला पुसत उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "तुमचं बरं चाललंय. तुम्ही रात्रभर डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याच्या फाटकाशी बसता. लेक गेल्यापासून मी आपल्या दाराला कडी लावते. लावायच्या आधी सवयीने बाहेर बघते, घरातलं कुणी यायचं राहिलंय का. रोज एक माणूस राहिलेलं असतं. आणि ते बाहेर असतानाच कडी लावून घ्यावी लागते."

दादा शेळीची दोरी हातात घेऊन वहिनीकडे बघत राहिला.

"कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"कधी बोलणार होते? तुम्ही येता तेव्हा मला बस असते."

"आणि नाही पटलं आपलं, रोज एकत्र राहून?"

"तर भांडू. आत्ता भांडलोच की."

दादाने खिशातून फोन काढला. हात तेलाने बरबटलेले, बटणं दाबताना तीनदा चुकला. साहेबांना म्हणाला, "दिवसपाळी घेतो." तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण हा लगेच म्हणाला, "नाही, नाही, पुढच्या महिन्यापासून नको. उद्यापासूनच येतो."