फळीवरचा वरवंटा

तार आली तेव्हा मी ठाण्याच्या कोर्टात एका आंब्याच्या झाडावरून भांडत होतो. भाऊजी गेले... एवढेच. मिळेल त्या गाडीने कल्याणला पोहोचलो, तर ताई, माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फळीकडे बघत बसलेली. रडत नव्हती. "तो कुणी खाली काढायचा नाही," इतकेच म्हणाली. फळीवर वरवंटा होता.

भाऊजी तिथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. इंग्रजी पुस्तकातल्या जडजड शब्दांना त्यांनी घरगुती नावे दिली होती. वस्तू उचलली की ते काम. वर ठेवली की काम तिच्यात साठून राहते, ती साठवण. खाली सोडली की साठवणीची होते धाव. हे दाखवायला शाळेत उपकरणे कुठली! घरचा वरवंटा उपरण्यात गुंडाळून न्यायचे आणि परातीत थापलेल्या खाडीच्या चिखलात आधी गुडघ्याच्या उंचीवरून, मग डोक्याच्या उंचीवरून टाकायचे. खळगा किती खोल गेला ते साऱ्या वर्गाने वाकून बघायचे. शिंतोडे उडत ते निराळेच. इकडे ताई चटणीसाठी खोळंबलेली!

यमूच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, बारशाला तर कहर झाला. आपल्याकडे नाव ठेवताना वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात घालतात. पाळणा सजला, सवाष्णी जमल्या, आणि वरवंटा शाळेत! भाऊजी धावतपळत आले ते चिखलाने माखलेले ते दगडी बाळ कडेवर घेऊन. "अहो मास्तर, न्हाऊ तरी घाला त्याला," मी म्हणालो. अख्खी ओटी हसली. ताई मात्र पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

तेव्हापासून त्यांनी नेमच केला. रात्रीची जेवणे झाली की वरवंटा स्वतः धुऊन फळीवर ठेवायचा. "माझं काम वर ठेवलंय गं. सकाळी सावकाश उतरव, म्हणजे ते तुझ्या हाताला मिळेल. धपकन सोडलंस तर पायाला मिळेल."

"आणि ताई तो हातात धरून नुसतीच उभी राहिली तर?" मी डिवचायचो.

"तर काम शून्य."

"हाताला रग लागली तरी?"

"लागेल हो... पण वस्तू हलली नाही, तर शास्त्राच्या लेखी काम नाही."

असल्या शास्त्राला काय म्हणावे! वकील असूनही मला त्यांना कधी हरवता आले नाही. मग बोलता बोलता ते मध्येच थांबायचे. घरासमोरच्या तळ्यावर संध्याकाळ उतरत असायची, पाण्यातला उजेड हलायचा, आणि ते वर बघत राहायचे. "कौलं कुणीतरी चढवली, नारळ झाडाने चढवले... आणि ढग? एवढं पाणी कुणी उचललं असेल हो?" मीही बघत बसायचो. माझी शेवटची गाडी चुकायची आणि मला त्याचे काही वाटत नसे.

भाऊजी गेले तेव्हा यमू बाळंतपणाला माहेरीच होती. काही आठवड्यांनी तिला मुलगा झाला. बारशाच्या सकाळी पुन्हा तोच खोळंबा. वरवंटा हवा, आणि ताई फळीपुढे उभी.

"शेजारचा आणा," ती म्हणाली.

"भाऊजींच्या नातवाला शेजारचा?"

"तिकडचा शेवटचा हात लागलाय रे त्याला. खाली काढला की संपलं."

माझ्या तोंडातून निघून गेले, "ताई, नुसतं धरून ठेवणं म्हणजे काम नव्हे, असं तेच म्हणायचे ना?" आणि मी जीभ चावली. ताईने माझ्याकडे पाहिले. मग दोन्ही हात वर करून तिने वरवंटा उतरवला... इतका सावकाश, जणू झोपलेले मूल उचलत होती. छातीशी धरला. "मिळालं रे," म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली. मलाही आवरले नाही.

पाळण्याशी जायची आता तिला मोकळीक नव्हती. नवऱ्यामागे बाईला ती कुठे असते! मला तिथे फार राग आला. तिने मात्र कुंची बांधून वरवंटा दारापर्यंत आणला आणि माझ्या हाती दिला. पाळणा हलला, बाळाचे नाव ठेवले गेले.

रात्री जेवणे उरकल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. ताईने वरवंटा धुतला, पदराने पुसला, टाचा उंचावून फळीवर ठेवला आणि क्षणभर हात तिथेच राहू दिला.

"यमूला सांगायला हवं," ती म्हणाली, "सकाळी सावकाश उतरव म्हणून."