बालाजीचं बोट

माझ्या नवऱ्याचं मशीन अर्धवट राहिलं, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे.

त्याला जाऊन आज वर्ष झालं, तरी तेच ऐकते. म्हणून लिहितेय.

बालाजी पुण्यात नोकरीला होता. हातात मावणाऱ्या सेन्सर मशीनची ॲनालॉग सर्किटं डिझाईन करायचा.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, एकदा विचारलं, "म्हंजी काय करतोस रं?"

"माय, सेन्सर लई हळू बोलतो. त्याचं बोलणं न बिघडवता मोठं करायचं. एवढंच."

"एवढ्याचा पगार देतेत?"

मग इकडे गावी, भूमला, आमच्या म्हशीची कास सुजली. रोग आला की दूध खारट होतं, पण जिभेला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बालाजीनं त्यासाठी मशीन करायला घेतलं. सेलवर चालणारी छोटी डबी. तिची वायर दुधात बुडवायची आणि खारटपणाचा आकडा बघायचा.

पण आकडा ठरेचना. नुसता वर पळायचा. सर्किटवरच्या तांब्याच्या दोन रेघांवर बालाजीनं बोट टेकवलं की गपगुमान थांबायचा. बोट काढलं की पुन्हा पळाला.

प्रत्येक सुट्टीत हाच उद्योग. मी वैतागायचे, "बायकोपेक्षा त्यालाच जास्त हात लावतोस."

आत्या हसून म्हणाल्या, "तुझं बोट काय जलमभर तितंच ठिवणार हायस व्हय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत रिपोर्ट आला. कॅन्सर.

ते बोलणं आत्यांच्या मनातून आजही जात नाही.

शेवटी शेवटी त्याला चमचाही धरवेना. डोकं मात्र चालूच. एका सकाळी म्हणाला, "अगं, करंटला परत जायला वाटच न्हाय तिथं. माझं बोट वाट देतंय. बोटाच्या जागी एक रेझिस्टर लाव."

लाव म्हणजे मीच. जन्मात कधी सोल्डरिंग केलेलं नाही. हात भाजला, रडले, त्याला शिव्याही घातल्या. तो पडल्या पडल्या बघत होता.

आकडा थांबला.

"आता माझी गरज न्हाय," तो म्हणाला. केवढा खूश झाला होता! मला त्या वाक्याचा अजून राग येतो.

आज सकाळी आत्यांनी म्हशीचं दूध तपासलं. आकडा चांगला आला. पण डबीचं झाकण काढून त्यांनी सर्किटवर बोट टेकवून धरलं होतं.

म्हटलं, "आत्या, आता बोट लागत नाही."

"ठाव हाय गं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे जरा."

बालाजी, आम्हा दोघींची तुला श्रद्धांजली. लई आठवण येते रे.