शाळेच्या तारेला लागून फवारणी

"ताई, उडवा ना! टाकी भरली, बॅटरी फुल आहे. आता काय मुहूर्त पाहून राहिल्या?"

दिलीपभाऊ चिडले होते. मोहगावजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात मी फवारणीचा ड्रोन घेऊन उभी होते. मी लायसन्सवाली ड्रोन पायलट, सौंसरच्या एका एजन्सीत नोकरीला. कुंपणाच्या तारेपलीकडे प्राथमिक शाळा. पोरं अंगणात जेवायला बसली होती आणि वारा सरळ तिकडेच वाहत होता.

"भाऊ, ड्रिफ्ट होईल," मी म्हटलं. ड्रिफ्ट म्हणजे औषधाचे बारीक थेंब वाऱ्यानं भलतीकडे जाणं. "शाळा सुटू द्या, मग मारून देते."

"ॲपमध्ये तर हिरवं दाखवून राहिलं!"

ते खरं होतं. ॲपच्या नकाशात लाल म्हणजे मनाई, हिरवं म्हणजे मोकळीक. शाळा हिरव्यात होती. पण औषध माणसांवर जाऊ न देणं ही पायलटची जबाबदारी. मी बॉसला फोन लावला.

"झोन ग्रीन आहे ना? मग प्रॉब्लेम काय?"

"पोरं जेवून राहिली, सर."

"क्लायंट गेला तर मले तू जेवू घालशील काय?"

मी रिमोट बंद केला. शेजारच्या शेतात आमचाच दुसरा पायलट होता. बॉसनं त्याला पाठवलं. त्यानं वारा पाहिलासुद्धा नाही.

मी तारेकडे पळाले. "बाई, पोरायले आत घ्या!"

मुख्याध्यापिका गजभिये बाई धावल्या. तोवर फवारा ताटांवर उतरला होता. पोरं डोळे चोळत रडत होती. आम्ही हापशीवर त्यांचे डोळे धुतले. सगळा वरणभात फेकला. पहिलीतली एक मुलगी उलट्या करू लागली, तिला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती सावरली.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी तक्रारीचा अर्ज घेऊन तहसीलला गेलो.

तहसीलदार साहेब म्हणाले, "शाळेपासून किती दूर उडवायचं, हे नियमात कुठं लिहिलं आहे? आणि कोणी सिरीयस आहे काय?"

माझं डोकंच फिरलं. "सिरीयस झाल्यावर अंतर ठरवाल काय, साहेब?"

त्यांनी अर्ज ठेवून घेतला.

फवारणाऱ्या त्या पायलटला तहसीलची नोटीस आली. बॉसला काहीच नाही. मला त्यानं कामावरून काढलं. पण पालकांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला: शाळा भरलेली असताना लगतच्या शेतात ड्रोन उडणार नाही. दिलीपभाऊंनीही सही केली, माझ्याकडे न बघता.

आता मी पांढुर्ण्यात दुसरीकडे काम करते. नियमात ते अंतर अजून आलेलं नाही. तोवर पायलटनं नाही म्हणायला शिकावं, आणि दुसरी नोकरी शोधायची तयारी ठेवावी.