पाइपावरचा पांढरा थर

फलटणजवळच्या एका विहिरीवर पंप चालवणारे एक म्हातारे बाबा लोखंडी पाइपावर साचलेल्या पांढऱ्या थरावरून रोज तळहात फिरवायचे. गंज रोखणाऱ्या जिवाणूंच्या शोधात मी तिथलं पाणी न्यायचो.

"आवं सायेब, पाणी कशाला नेता? ह्या थराखाली पाइप कवाच गंजला न्हाई," ते म्हणाले.

मी हसलो. ते जेवायला गेल्यावर मात्र थर खरवडून नेला. त्यातल्याच जिवाणूंनी प्रयोगशाळेत पोलादावर गंज रोखणारं खनिजाचं कवच चढवलं. अहवालात मी बाबांचा उल्लेख केला नाही. नावच विचारलं नव्हतं.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो, तर खरवडलेल्या जागी पाइप गंजून गळत होता. ते त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळत होते.

"घावलं का काय?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी खोटं बोललो.

"घावंल की," म्हणत त्यांनी मला सावलीत बसायला जागा करून दिली.